जुनी गाडी ‘पीयूसी’त का अडते? दोन आकड्यांत दडलेले इंजिनाचे निदान

नवी दिल्ली : अनेक वर्षे छपराखाली उभी असलेली मारुती ८००, वडिलांनी जपलेली प्रीमियर पद्मिनी किंवा लिलावातून घेतलेली अॅम्बेसेडर पुन्हा रस्त्यावर आणण्याचा छंद देशाच्या अनेक शहरांत जोपासला जातो. पत्र्याचे काम होते, रंग चढतो, आसनांना नवे कापड लागते आणि एके दिवशी इंजिनही सुरू होते. मात्र गाडी खऱ्या अर्थाने रस्त्यावर येण्यासाठी एक कागद आवश्यक असतो, तो म्हणजे प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र, अर्थात ‘पीयूसी’. हौसेने उभ्या केलेल्या अनेक जुन्या गाड्या याच टप्प्यावर अडतात.

अशा वेळी सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून आकडा खाली आणणे आणि प्रमाणपत्र हाती पडताच तो स्क्रू पूर्ववत करणे. त्याहून वाईट उपाय म्हणजे चाचणीविनाच कागद मिळवणे. दोन्ही मार्गांनी मालक स्वतःचेच नुकसान करून घेतो. पीयूसी चाचणीतील आकडे हे इंजिनाच्या प्रकृतीचे स्वस्तात मिळणारे निदान असून, ते नीट वाचल्यास बिघाड नेमका कुठे आहे, हे गॅरेजमध्ये इंजिन उघडण्यापूर्वीच बऱ्याच अंशी कळू शकते.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ नुसार रस्त्यावरील प्रत्येक वाहनाने उत्सर्जनाच्या ठरवून दिलेल्या मर्यादा पाळणे बंधनकारक आहे. नव्या वाहनास पहिल्या नोंदणीपासून एक वर्ष या प्रमाणपत्राची गरज नसते. त्यानंतर भारत स्टेज-४ व त्यापुढील निकषांच्या वाहनांसाठी प्रमाणपत्राची मुदत एक वर्षाची, तर त्याआधीच्या वाहनांसाठी सहा महिन्यांची असते. म्हणजेच जुन्या गाडीच्या मालकाला वर्षातून दोनदा चाचणी केंद्र गाठावे लागते. उत्सर्जनाच्या मर्यादांचा भंग केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) नुसार, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

जून २०२१ पासून प्रमाणपत्राचा नमुना देशभर एकसारखा करण्यात आला असून त्यावर क्यूआर कोड असतो. त्याच अधिसूचनेने आणखी एक महत्त्वाची तरतूद केली. गाडी अनुत्तीर्ण झाल्यास मालकाला नकाराची पावती, म्हणजे ‘रिजेक्शन स्लिप’ देणे केंद्रावर बंधनकारक झाले. ही पावती दुरुस्तीसाठी मेकॅनिकला दाखवता येते, तसेच केंद्राच्या यंत्राविषयी शंका असल्यास दुसऱ्या केंद्रावर पडताळणीसाठीही वापरता येते. बहुतेक मालक ती फेकून देतात. वास्तविक दुरुस्तीची सुरुवात याच पावतीपासून व्हायला हवी.

कोणत्या गाडीला कोणती मर्यादा?

जुन्या गाडीला नव्या गाडीचे निकष लावले जातात, हा गैरसमज आहे. गाडी ज्या निकषांनुसार तयार झाली, त्यांनुसारच तिची मर्यादा ठरते. भारत स्टेज-२ पूर्वीच्या निकषांनुसार बनलेल्या पेट्रोलवरील चारचाकीसाठी इंजिन संथ गतीने सुरू असताना, म्हणजे आयडलिंगवर, कार्बन मोनॉक्साइडची (सीओ) मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची (एचसी) मर्यादा १,५०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १,५०० भाग, इतकी आहे. भारत स्टेज-२ व स्टेज-३ च्या चारचाकींसाठी हीच मर्यादा अनुक्रमे ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम आहे. भारत स्टेज-४ मध्ये ती ०.३ टक्के आणि २०० पीपीएमवर आली. शिवाय या गाड्यांची चाचणी मिनिटाला सुमारे २,५०० फेऱ्यांच्या वेगावरही होते. तेथे सीओ ०.२ टक्क्यापेक्षा अधिक चालत नाही आणि हवा-इंधन प्रमाण दर्शवणारा ‘लॅम्डा’ हा आकडा ०.९७ ते १.०३ दरम्यान असावा लागतो.

येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. भारत स्टेज-२ चे निकष देशभर एकाच दिवशी लागू झाले नाहीत. दिल्लीत ते २००० मध्ये, मुंबई, कोलकाता व चेन्नईत २००१ मध्ये आणि संपूर्ण देशात एप्रिल २००५ पासून लागू झाले. त्यामुळे २००३ मध्ये महानगरात विकली गेलेली गाडी आणि त्याच वर्षी एखाद्या लहान शहरात विकली गेलेली गाडी यांच्या मर्यादा वेगवेगळ्या असू शकतात. चाचणीपूर्वी नोंदणी प्रमाणपत्रावरील निर्मितीचे वर्ष आणि निकषाची नोंद तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते. केंद्रावर चुकीचा निकष निवडला गेल्यास, ३ टक्क्यांची मर्यादा असलेल्या गाडीला ०.५ टक्क्याची अट लागून ती विनाकारण अनुत्तीर्ण ठरू शकते.

तीन टक्के ही मर्यादा सैल वाटत असली, तरी तिच्यामागे कारण आहे. भारतात पेट्रोल वाहनांसाठी व्यापक उत्सर्जन निकष १९९१ मध्ये आले. शिसेविरहित पेट्रोल आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेल्या नव्या गाड्या १९९५ मध्ये आधी चार महानगरांत आल्या. शिसेयुक्त पेट्रोलची विक्री देशभरातून बंद होण्यास २००० साल उजाडले. त्यापूर्वीच्या बहुसंख्य गाड्यांत धूर शुद्ध करणारे कोणतेही उपकरण नव्हते. इंजिनात जसे ज्वलन होईल, तसाच धूर बाहेर पडत असे. अशा गाडीची मर्यादा सांभाळण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे ज्वलन चांगले करणे.

दोन वायू, दोन वेगळ्या कहाण्या

चाचणी केंद्रावर सायलेन्सरच्या नळीत एक सळईसारखा ‘प्रोब’ घातला जातो. यंत्र धुरातून अवरक्त किरण सोडून त्यातील वायूंचे प्रमाण मोजते. जुन्या गाडीच्या प्रमाणपत्रावर त्यांपैकी दोनच आकडे महत्त्वाचे असतात, सीओ आणि एचसी. मात्र हे दोन वायू वेगवेगळ्या कारणांनी तयार होतात.

कार्बन मोनॉक्साइड हा अर्धवट ज्वलनाचा वायू आहे. पेट्रोल पेटले, पण त्यातील कार्बनला पुरेसा प्राणवायू मिळाला नाही, की कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. एक किलो पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण बिघडून पेट्रोल अधिक झाले, की सीओचा आकडा चढतो. थोडक्यात, वाढलेला सीओ म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी.

हायड्रोकार्बन म्हणजे न जळलेले इंधन. सिलिंडरमध्ये आलेले मिश्रण पेटलेच नाही, अर्धवट पेटून विझले किंवा इंजिन ऑइलच जळू लागले, तर हा आकडा वाढतो. त्यामागे ठिणगीचा दोष, दाबाची गळती किंवा मिश्रणात हवा इतकी जास्त होणे की ते पेटूच नये, अशी कारणे असतात. मारुती ८०० च्या तीन सिलिंडरपैकी एकात ठिणगी पडणे बंद झाले, तर एकतृतीयांश मिश्रण न जळता थेट सायलेन्सरमध्ये जाते आणि एचसीचा आकडा मर्यादेच्या कित्येक पट होतो.

हा भेद समजल्यास पावती वाचता येते. समजा, १९९७ मध्ये बनलेल्या एका मारुती ८०० च्या पावतीवर सीओ ५.२ टक्के आणि एचसी ९०० पीपीएम आहे. एचसी मर्यादेत आहे, म्हणजे सर्व सिलिंडर बऱ्यापैकी पेटत आहेत. दोष इंधनाच्या प्रमाणात आहे. एअर फिल्टर तुंबलेला असणे, चोक पूर्ण न उघडणे, कार्ब्युरेटरमधील पेट्रोलची पातळी वाढणे किंवा जेट झिजणे, यांपैकी एक कारण संभवते.

आता समजा, तशाच दुसऱ्या गाडीचा सीओ ०.८ टक्के, पण एचसी ३,४०० पीपीएम आहे. येथे कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून पेट्रोल आणखी कमी करणे म्हणजे दोष वाढवणेच होय. या गाडीचे प्लग, प्लगच्या वायरी, पॉइंट, व्हॉल्व्ह आणि हवेची गळती तपासायला हवी. दोन्ही आकडे एकाच वेळी चढलेले असतील, तर इंधन इतके जास्त आहे की त्याने प्लगही काळे पडले आहेत, अशी शक्यता बळावते.

चार वायू मोजणारे यंत्र असल्यास निदान अधिक नेमके होते. निरोगी पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड साधारण १३ ते १५ टक्के असतो आणि प्राणवायू अगदी थोडा उरतो. सीओ व एचसी दोन्ही कमी, पण प्राणवायू भरपूर आणि कार्बन डायऑक्साइड निम्म्यावर, असे चित्र दिसल्यास आनंदून जाण्याचे कारण नाही. सायलेन्सर गंजून भोके पडली असावीत किंवा प्रोब पुरेसा आत गेला नसावा आणि बाहेरची हवा धुरात मिसळून आकडे खोटे उतरले असावेत, असा त्याचा अर्थ होतो.

दुरुस्तीचा क्रम : स्क्रू सर्वांत शेवटी

जुन्या गाडीच्या बाबतीत कामाचा क्रम निर्णायक ठरतो. आधीचे काम अपुरे ठेवून पुढचे केले, तर एका दोषाने दुसरा दोष झाकला जातो. अनुभवी मेकॅनिक साधारणपणे इंजिनाची यांत्रिक स्थिती, मग ठिणगी, मग हवा आणि शेवटी इंधन या क्रमाने जातात.

पहिली पायरी इंजिन ऑइलची. दीर्घकाळ उभ्या असलेल्या किंवा वारंवार चोक ओढून सुरू केलेल्या गाडीच्या ऑइलमध्ये पेट्रोल मिसळलेले असते. इंजिन तापले की त्याची वाफ होते आणि ऑइल चेंबरमधील वाफा पुन्हा इंजिनात ओढून घेणाऱ्या नळीवाटे ती सिलिंडरमध्ये जाते. कार्ब्युरेटर निर्दोष असूनही सीओ वाढलेला दिसण्याचे हे एक दुर्लक्षित कारण आहे. नवे ऑइल व नवा फिल्टर हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

त्यानंतर टॅपेट सेटिंग आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधील दाब. व्हॉल्व्हची फट कमी झाली, तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि मिश्रण अर्धवट दाबाखालीच निसटते. प्लग काढून त्या जागी दाबमापक लावल्यास प्रत्येक सिलिंडरचा दाब कळतो. एका सिलिंडरचा दाब कमी असल्यास त्यात थोडे इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर पिस्टन रिंग झिजलेल्या आहेत. न वाढल्यास दोष बहुधा व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा असतो. रिंग संपलेल्या इंजिनावर ट्यूनिंगचा खर्च करणे व्यर्थ असते. या एका तपासणीने पुढील अनेक दिवसांची धडपड वाचू शकते.

तिसरी पायरी ठिणगीची. प्लगची फट, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटरची टोपी, त्यातील रोटर, पॉइंट आणि कंडेन्सर हे सर्व भाग तुलनेने स्वस्त आहेत, मात्र सलग अनेक वर्षे न बदललेले असतात. काढलेला प्लगही बरेच सांगतो. तपकिरी रंग चांगल्या ज्वलनाचे लक्षण, कोरडी काजळी अधिक पेट्रोलचे, तर तेलकट काळपटपणा ऑइल जळत असल्याचे चिन्ह असते. पॉइंटची फट बदलली की टायमिंगही सरकते. म्हणून आधी पॉइंट आणि मग टायमिंग लाइटच्या साहाय्याने टायमिंग, हा क्रम पाळावा लागतो.

चौथी पायरी हवेची. एअर फिल्टर बदलणे सोपे असते. कठीण असते ती चोरवाटेने शिरणारी हवा शोधणे. कार्ब्युरेटरखालचे पॅकिंग, ब्रेक बूस्टरला जाणारी रबरी नळी, डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूम नळी आणि झिजलेला थ्रॉटल शाफ्ट या त्या जागा आहेत. वीस-पंचवीस वर्षांच्या रबराला बोटाने दाबल्यावर तडे दिसतात. या वाटेने शिरलेली हवा कार्ब्युरेटरच्या हिशेबात नसते. त्यामुळे मिश्रण विरळ होते, इंजिन आयडलिंगला थरथरते आणि एचसी वाढतो. अनेक मालक ही थरथर घालवण्यासाठी पेट्रोल वाढवतात आणि मग सीओही मर्यादा ओलांडतो. मूळ दोष मात्र काही रुपयांच्या नळीत असतो.

एवढे झाल्यावरच कार्ब्युरेटरकडे वळावे. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत पेट्रोल सुकून त्याचा चिकट थर जेटमध्ये बसतो. कार्ब्युरेटर उघडून साफ करणे, नीडल व्हॉल्व्ह व पॅकिंग बदलणे आणि फ्लोटची पातळी मापाने लावणे ही कामे झाली, की शेवटी मिक्स्चर स्क्रूची वेळ येते. इंजिन पूर्ण तापलेले असताना स्क्रू हळूहळू फिरवून इंजिन सर्वांत सुरळीत चालेल, ती जागा शोधतात. तेथून तो किंचित विरळ मिश्रणाच्या बाजूला नेतात आणि आयडलिंगचा वेग पुन्हा योग्य तेथे आणतात. वायू मोजणारे यंत्र शेजारी असेल, तर हे काम कानाऐवजी आकड्यावर होते.

हे सर्व मोकळ्या हवेत करणे आवश्यक आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी अधिक घट्ट चिकटतो. तीन टक्के सीओ म्हणजे ३०,००० पीपीएम. बंद गॅरेजमध्ये सुरू ठेवलेली, कन्व्हर्टर नसलेली गाडी काही मिनिटांत जीवघेणी ठरू शकते. शटर अर्धे उघडे ठेवणे हा त्यावरचा भरवशाचा उपाय नव्हे.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा परिणाम

आता पंपांवर सर्वत्र मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या गाड्यांच्या गणितात नवा घटक आला आहे. इथेनॉलच्या रेणूतच प्राणवायू असतो. त्याच्या पूर्ण ज्वलनास एका किलोमागे सुमारे ९ किलो हवाच पुरते. आधुनिक गाडीतील संगणक हा फरक ओळखून इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरला ही सोय नाही. तो पूर्वीइतकेच इंधन सोडतो आणि मिश्रण आपोआप विरळ होते.

चाचणीच्या दृष्टीने याचे दोन परस्परविरोधी परिणाम दिसतात. पूर्वी पेट्रोल जास्त जात असलेल्या गाडीचा सीओ काही प्रमाणात घटतो. मात्र आधीच विरळ मिश्रणावर लावलेली गाडी अडखळू लागते आणि तिचा एचसी चढतो. शिवाय इथेनॉल टाकीतील जुना गाळ सैल करते, हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्यासाठी न बनवलेल्या रबरी भागांना फुगवते किंवा ठिसूळ करते. त्यामुळे इंधनाच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि फिल्टर बदलणे हे जुन्या गाडीत आता केवळ चाचणीसाठी नव्हे, तर आगीच्या धोक्यापासून बचावासाठीही महत्त्वाचे आहे.

इंजेक्शनच्या जुन्या गाड्या आणि डिझेल

२००० नंतरच्या इंधन इंजेक्शन व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाड्यांचे निदान थोडे वेगळे असते. अशा गाड्यांना हौशी मालक मोठ्या आवाजाचा ‘फ्री फ्लो’ सायलेन्सर लावतात आणि त्यासाठी कन्व्हर्टर काढून टाकतात. त्यानंतर ०.५ टक्क्याची मर्यादा गाठणे अवघड होऊन बसते. कन्व्हर्टर शाबूत असला, तरी सुमारे ३०० अंश सेल्सिअस तापमानाखाली तो नीट काम करत नाही. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी सायलेन्सरला भोक असेल, तर बाहेरच्या हवेने सेन्सर फसतो, संगणक पेट्रोल वाढवतो आणि सीओ चढतो. अशा वेळी सेन्सर बदलून उपयोग होत नाही, वेल्डिंग करावे लागते.

डिझेल गाड्यांत वायू नव्हे, तर धुराची दाटी मोजली जाते. गिअर न टाकता अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ही चाचणी होते. भारत स्टेज-४ पूर्वीच्या गाड्यांसाठी मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक, तर त्यापुढील स्टेज-४ गाड्यांसाठी ५० एकक आहे. इंजेक्टर, पंपाचे सेटिंग आणि एअर फिल्टर ही तपासणीची पहिली ठिकाणे होत. इंजिन पूर्ण वेगाने फिरत असल्याने टायमिंग बेल्ट जुना असल्यास तो आधी बदलणे शहाणपणाचे ठरते.

मूळ इंजिन काढून दुसरे बसवलेल्या गाड्यांचा प्रश्न केवळ धुराचा नसतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधने आहेत. उत्पादकाने ठरवलेल्या रचनेपेक्षा वेगळा बदल मान्य होणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात स्पष्ट केले आहे. त्यामुळे इंजिन बदलण्याचा विचार असल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयाची पूर्वमंजुरी खर्चाच्या आधी घ्यावी लागते, नंतर नव्हे.

चाचणीच्या दिवशी

चांगली ट्यून केलेली गाडीही चुकीच्या तयारीमुळे अनुत्तीर्ण होऊ शकते. थंड इंजिन नेहमीच अधिक धूर सोडते. म्हणून केंद्रावर जाण्यापूर्वी गाडी किमान १५ ते २० मिनिटे सलग चालवलेली असावी. रांगेत दीर्घकाळ आयडलिंगवर उभी राहिल्यास प्लगवर काजळी साचते, कन्व्हर्टरही थंडावतो. त्यामुळे चाचणीआधी इंजिन काही क्षण मध्यम वेगाने फिरवणे उपयुक्त ठरते. चोक पूर्ण आत, वातानुकूलन यंत्रणा व दिवे बंद आणि आयडलिंगचा वेग उत्पादकाने दिलेल्या मापात असावा. प्रोब नळीत खोलवर, किमान ३०० मिलिमीटर गेला आहे ना, हे मालकाने पाहणे गैर नाही. वरवर ठेवलेल्या प्रोबने मिळालेले ‘उत्तीर्ण’ हे गाडीविषयी काहीच सांगत नाही.

प्रमाणपत्राच्या मर्यादा

उत्तीर्ण होणे म्हणजे गाडी स्वच्छ असणे, असे समीकरण मांडता येत नाही. पीयूसी चाचणीत नायट्रोजनची ऑक्साइडे मोजली जात नाहीत आणि सूक्ष्म धूलिकणही मोजले जात नाहीत. त्यातच चाचणी केंद्रांच्या विश्वासार्हतेचा प्रश्न आहे. दिल्लीतील वाहन प्रदूषणाविषयीचा भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा (कॅग) अहवाल एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली विधानसभेत मांडण्यात आला. सीओ आणि एचसीचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक असूनही १.०८ लाखांहून अधिक वाहनांना प्रमाणपत्रे दिली गेल्याचे त्यात नमूद आहे. खोट्या प्रमाणपत्राने दंड टळू शकतो, पण अधिकचे पेट्रोल जळत राहते, सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइल धुतले जाते आणि दुरुस्तीचा खर्च पुढे ढकलला जाऊन वाढतो.

तसेच हे प्रमाणपत्र म्हणजे गाडी चालवण्याचा संपूर्ण परवाना नव्हे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि तपासणीनंतर दर पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२ पासून हलक्या मोटार वाहनासाठी हे शुल्क ५,००० रुपये झाले, तर ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीने २० वर्षांहून जुन्या गाडीसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात १५ वर्षांहून जुन्या खासगी वाहनांना पर्यावरण करही भरावा लागतो.

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात तर धूर कितीही कमी असला, तरी वय आडवे येते. राष्ट्रीय हरित लवादाचे आदेश आणि त्यांवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये केलेले शिक्कामोर्तब यांनुसार तेथे १० वर्षांहून जुनी डिझेल आणि १५ वर्षांहून जुनी पेट्रोल वाहने चालवण्यास मनाई आहे. केवळ वयाच्या आधारे मालकांवर कठोर कारवाई करू नये, असा अंतरिम आदेश न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला होता. डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण भारत स्टेज-४ व त्यापुढील वाहनांपुरते मर्यादित करण्यात आले. मारुती ८०० वा पद्मिनीसारख्या कार्ब्युरेटरच्या गाड्या त्यात बसत नाहीत.

पहिल्या नोंदणीस ५० वर्षे उलटलेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी मात्र जुलै २०२१ पासून ‘व्हिंटेज’ नोंदणीचा स्वतंत्र मार्ग खुला आहे. त्यासाठी २०,००० रुपये शुल्क आकारले जाते, नोंदणी १० वर्षांसाठी वैध असते आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. ही गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे वा देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नव्हे.

नोंद ठेवण्याचे महत्त्व

उर्वरित देशातील, भारत स्टेज-४ पूर्वीच्या गाड्यांच्या मालकांना दर सहा महिन्यांची चाचणी ही कटकट वाटणे स्वाभाविक आहे. पण तिच्याकडे पाहण्याची दुसरीही पद्धत आहे. प्रत्येक प्रमाणपत्रावर सीओ व एचसीचे प्रत्यक्ष आकडे छापलेले असतात. ती सर्व प्रमाणपत्रे एका फाइलमध्ये क्रमाने लावून ठेवली, तर गाडीच्या प्रकृतीचा आलेख तयार होतो. एचसी ४०० वरून ७०० आणि मग १,१०० वर गेला असेल, तर भारत स्टेज-२ पूर्वीची गाडी तिन्ही वेळा उत्तीर्णच असते. पण ठिणगी किंवा दाब कमी होत चालल्याचा तो स्पष्ट इशारा असतो. तो वेळीच ओळखला, तर पुढच्या चाचणीच्या आधी प्लग, वायरी किंवा टॅपेट सेटिंगवर काम भागू शकते. दुर्लक्ष झाल्यास सहा महिन्यांनी हाती प्रमाणपत्राऐवजी नकाराची पावती येते आणि तोवर अनेकदा इंजिन उघडण्याची वेळ आलेली असते.